डिझेल नावाचा माणूस

होटगीला आमच्या मळ्यात विहिरीवर इंजिन होते. आमच्या शिवारात तेव्हा वीज आलेली नव्हती. 1974 सालच्या फाल्गुनात कांदा ऐन पोसायला लागला आणि नेमके तेव्हाच इंजिन रुसले. वीसेक मिनिटे चालायचे, मग धापा टाकत थांबायचे. हँडल मारले की पुन्हा सुरू, पुन्हा वीस मिनिटांनी बंद. 1972 चा दुष्काळ आमच्या घराने सोसलेला होता. विहिरीत पाणी आहे आणि पिकाला देता येत नाही, हे दुःख वडिलांना कोरड्या विहिरीपेक्षाही जड जात होते.

सोलापूरहून सायकलवर मिस्त्री आले. त्यांनी फिल्टर धुतला, पाइपातली हवा काढली, नॉझल बाहेर काढून फवारा पाहिला. कशात खोट निघेना. मग ते झाडाखाली विडी ओढत नुसते ऐकत बसले. इंजिन थांबले तसे वडील सवयीने टाकीकडे धावले. दर वेळी ते झाकण उघडून आत तेल किती आहे ते पाहत. मिस्त्रींनी त्यांना अडवले, स्वतः टाकीला कान लावून झाकण हळूच फिरवले, आणि आत हवा सुर्रकन शिरल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. झाकणाला सुईएवढे भोक असते. कुंभारीण माशीने ते मातीने लिंपून टाकले होते. टाकीत बाहेरची हवा शिरत नव्हती, त्यामुळे डिझेल खाली उतरत नव्हते. वडील झाकण उघडत तेव्हा हवा आत जाई आणि इंजिन पुन्हा वीस मिनिटांचे धनी होई. मिस्त्रींनी काडीने भोक मोकळे केले. संध्याकाळपर्यंत पाणी चालू राहिले.

डिझेल हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मला पुढे पॉलिटेक्निकला गेल्यावर कळले. त्या माणसाचे निम्मे आयुष्य बंद पडणाऱ्या इंजिनासमोर उभे राहण्यात गेले, हे कळायला आणखी काही वर्षे लागली.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म 18 मार्च 1858 चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि या कुटुंबाला लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. पोरगा हुशार निघाला. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. बर्फ बनवण्याच्या यंत्रांसाठी गाजलेले हेच ते लिंडे. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामी लावते, बाकीची वाया जाते, हे त्यांच्या वर्गात ऐकले आणि ते त्याच्या डोक्यातून कधी गेले नाही.

त्याची कल्पना ऐकायला साधी आहे. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. हीच हवा सिलिंडरात खूप जोराने दाबली, तर ती इतकी तापेल की तीत तेल सोडताच ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, काडी नको. फेब्रुवारी 1893 मध्ये त्याला पेटंट मिळाले. ऑग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि पोलादवाले क्रुप यांनी पैसा घातला.

10 ऑगस्ट 1893 रोजी पहिली परीक्षा झाली. इंजिन पट्ट्याने बाहेरून फिरवले होते. तेल सोडताच आत भडका उडाला आणि दाब मोजणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात वाचला. दुसरा कोणी घरी गेला असता. याने मात्र तेल पेटते एवढे सिद्ध झाले म्हणून समाधान मानले आणि यंत्र खोलले. गळणारी झडप, सैल पडणारा दट्ट्या, नीट न फवारणारे तेल, एकेक दोष शोधणे सुरू झाले. 17 फेब्रुवारी 1894 रोजी इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले, तेही अवघे मिनिटभर. तिथल्या कारागिराला पट्ट्याची ओढ उलटल्याचे जाणवले. आतापर्यंत पट्टा इंजिनाला फिरवत होता, आता इंजिन पट्ट्याला ओढत होते. त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. हा प्रसंग मला सगळ्या बक्षिसांहून मोठा वाटतो.

आणखी बरोबर तीन वर्षांनी, 1897 च्या त्याच तारखेला, म्युनिकच्या प्राध्यापक श्र्योटर यांनी इंजिनाची रीतसर तपासणी केली. तेलातल्या उष्णतेपैकी 26 टक्क्यांहून थोडी अधिक कामी येत होती. वाफेला हे स्वप्नातही जमले नसते. देशोदेशीचे कारखानदार परवाने घ्यायला धावले. डिझेल श्रीमंत झाला, म्युनिकमध्ये त्याने मोठा बंगला बांधायला घेतला.

खरी परीक्षा मात्र आता सुरू झाली. कारखान्यात तज्ज्ञांच्या हाताखाली चालणारे यंत्र गिऱ्हाइकाकडे गेले की बंद पडू लागले. पहिल्या इंजिनांपैकी एक 1898 मध्ये केम्प्टेन गावी लागले. तो होता आगपेट्यांचा कारखाना! काडी न ओढता पेटणारे इंजिन तिथे सतत दुरुस्तीला येई. इतर गिऱ्हाइकांनीही इंजिने परत धाडली. चाळिशीचा डिझेल त्याच वर्षी मनाने खचून आरोग्यधामात दाखल झाला. दोष शोधण्याचे काम ऑग्सबर्गच्या इंजिनिअरांनी चिकाटीने पुढे नेले.

1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथे असेच एक लहान इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. शेंगा चटणीवर वाढलेल्या आम्हा सोलापूरकरांना याचे कौतुक वाटल्यावाचून कसे राहील! 1903 मध्ये फ्रान्समधल्या कालव्यातल्या बोटीवर आणि रशियात व्होल्गा नदीवर ही इंजिने चढली. 1912 मध्ये सेलांडिया हे धुराड्याविना चालणारे मोठे जहाज कोपनहेगनहून बँकॉकला गेले.

आणि बोटीवरच तो संपला. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ड्रेस्डेन बोटीवर त्याने जेवण केले, सकाळी सव्वासहाला उठवा म्हणून सांगितले आणि खोलीत गेला. सकाळी बिछाना न चुरगळलेला आढळला. डेकवर त्याची टोपी आणि नीट घडी घातलेला कोट होता. रोजनिशीत त्या तारखेसमोर एक फुली होती. जमिनीच्या व्यवहारांत आणि इतर गुंतवणुकीत तो पार बुडाला होता, हे नंतर उघड झाले. घातपाताच्या कहाण्याही पुष्कळ रंगल्या. मला त्या पटत नाहीत. दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीला प्रेत सापडले. खवळलेल्या समुद्रात खलाशांनी खिशातल्या वस्तू तेवढ्या काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडले. त्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या.

त्याच्या इंजिनासोबत तेल फवारायला दाबलेल्या हवेचे अवजड यंत्र लागे, म्हणून ते विहिरीच्या काठावर येणे शक्यच नव्हते. 1927 मध्ये बॉशच्या कारखान्यात तेलाचा छोटा पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला आणि हे ओझे टळले. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांनी तेल इंजिनांची कंपनी काढली आणि पुढे आपल्या गावोगावच्या विहिरी त्या आवाजाने जाग्या झाल्या.

आमचे मिस्त्री म्हातारपणी एकदा भेटले, तेव्हा मी त्यांना ही हकीकत सांगितली. डिझेल हा माणूस होता याचे त्यांना नवल वाटले नाही. आगपेटीच्या कारखान्यातले इंजिन शेवटी कशाने बंद पडत होते, तेवढे त्यांना हवे होते. झडपा, फवारा, कॉम्प्रेसर, मी आठवेल तसे सांगत गेलो. ते बराच वेळ विचार करत बसले, आणि मग त्यांनी विचारले, की त्या इंजिनाच्या टाकीचे झाकण कोणी पाहिले होते का.