हेर्मान एबिंगहाउस

हेर्मान एबिंगहाउस (२४ जानेवारी, इ.स. १८५० - २६ फेब्रुवारी, इ.स. १९०९) हे जर्मन मानसशास्त्रज्ञ होते. मानवी स्मृतीचा प्रयोगाद्वारे आणि मोजमापाने अभ्यास करणारे ते पहिले संशोधक मानले जातात. काळानुसार शिकलेल्या गोष्टींचा विसर कसा पडत जातो हे दाखवणारा 'विस्मरण वक्र' त्यांच्या प्रयोगांतून मिळाला. हे प्रयोग त्यांनी प्रयोगशाळेवाचून, साहाय्यकावाचून आणि एकाच व्यक्तीवर, म्हणजे स्वतःवर केले.

प्रारंभिक जीवन

एबिंगहाउस यांचा जन्म प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतातील बार्मेन या गावी एका सधन व्यापारी कुटुंबात झाला. हे गाव आता वुपर्टाल शहराचा भाग आहे. वयाच्या सतराव्या वर्षी ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. इतिहास आणि भाषाशास्त्र शिकण्याच्या हेतूने ते तेथे गेले होते, पण लवकरच तत्त्वज्ञानाकडे वळले. हाले आणि बर्लिन येथेही त्यांनी काही काळ अध्ययन केले. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू झाल्यावर ते सैन्यात भरती झाले. युद्धानंतर, १८७३ मध्ये, एडुआर्ट फोन हार्टमान यांच्या अबोध मनाविषयीच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहून त्यांनी बॉनची डॉक्टरेट मिळवली.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी इंग्लंड आणि फ्रान्समध्ये शिकवण्या करत काढली. याच काळात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात गुस्टाफ फेखनर यांचा मनोभौतिकीवरील १८६० चा ग्रंथ त्यांच्या हाती आला, असे सांगितले जाते. प्रकाश, वजन, ध्वनी यांच्या संवेदना मोजता येतात हे फेखनर यांनी त्यात दाखवले होते. स्मरण, विचार यांसारख्या उच्च मानसिक व्यापारांना मात्र मोजपट्टी लावता येणार नाही, असाच त्या काळच्या विद्वानांचा सर्वसाधारण समज होता. एबिंगहाउस यांनी तो मान्य केला नाही.

स्मृतीवरील प्रयोग

स्मृती मोजण्यात पहिली अडचण शिकण्याच्या सामग्रीची होती. कवितेची ओळ एखाद्याला चटकन पाठ होते, दुसऱ्याला होत नाही. त्यात अर्थ, लय आणि पूर्वपरिचय यांचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. म्हणून एबिंगहाउस यांनी दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर अशा रचनेचे सुमारे २,३०० निरर्थक अक्षरसमूह तयार केले. ते एकत्र मिसळून यदृच्छेने उचलायचे, त्यांच्या मालिका करायच्या आणि मिनिटाला १५० या ठरावीक गतीने वाचत त्या पाठ करायच्या, असा त्यांचा क्रम होता. सुरुवातीला ताल राखण्यासाठी त्यांनी तालमापक यंत्र वापरले. पुढे घड्याळाच्या टिकटिकीवर काम भागवले. लक्षात ठेवण्यासाठी कोणतीही युक्ती योजायची नाही, दिवसाच्या ठरलेल्या वेळीच बसायचे आणि दिनक्रमात मोठा बदल झाल्यास प्रयोग थांबवायचा, हे नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले होते. हे काम त्यांनी १८७९-८० मध्ये केले आणि १८८३-८४ मध्ये पुन्हा पडताळून पाहिले.

दुसरी अडचण अधिक मूलभूत होती. महिन्यापूर्वी पाठ केलेली मालिका आज आठवत नसेल तर ती पूर्णपणे नाहीशी झाली असे म्हणावे काय? एबिंगहाउस यांनी प्रश्नच बदलला. काय आठवते हे न विचारता, तीच मालिका पुन्हा बिनचूक पाठ करण्यास पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो हे त्यांनी मोजले. पहिल्या वेळी १,००० सेकंद आणि दुसऱ्या वेळी ६०० सेकंद लागले, तर ४० टक्के श्रम वाचले. याला 'बचत पद्धती' म्हणतात. एबिंगहाउस यांचे खरे कर्तृत्व निरर्थक अक्षरांपेक्षा या पद्धतीत अधिक आहे, कारण मनाला ज्याची जाणीवही उरलेली नाही असा स्मृतीचा अवशेष तिने प्रथमच आकड्यांत आणला.

विस्मरणासाठी त्यांनी १६३ चाचण्या घेतल्या. प्रत्येक चाचणीत १३ अक्षरसमूहांच्या आठ मालिका होत्या. म्हणजे १,३०४ मालिका एकदा पाठ करून काही अवधीनंतर पुन्हा पाठ करण्यात आल्या. वीस मिनिटांनंतर बचत सुमारे ५८ टक्के होती, तासाभराने ४४ टक्के आणि एका दिवसानंतर ३४ टक्के. पुढे मात्र घसरण मंदावली. सहा दिवसांनी २५ टक्के आणि ३१ दिवसांनीही २१ टक्के बचत शिल्लक होती.

इतर निष्कर्षही महत्त्वाचे ठरले. सात अक्षरसमूह एका वाचनात पाठ होत, पण बारांसाठी सुमारे १७ आणि छत्तीसांसाठी ५५ आवर्तने लागत. एका बैठकीत केलेल्या ६८ आवर्तनांनी जे साधत असे, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधे. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीविरुद्ध शिक्षणशास्त्रात जे सांगितले जाते, त्याचा पहिला प्रायोगिक आधार हाच होय. तुलनेसाठी त्यांनी बायरनच्या 'डॉन जुआन' काव्यातील कडवीही पाठ केली. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक सामग्रीच्या मानाने त्यांना सुमारे एक दशांश श्रम पुरले.

हे सर्व संशोधन १८८५ मध्ये 'स्मृतीविषयी' या अर्थाच्या शीर्षकाने जर्मनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे इंग्लिश भाषांतर १९१३ मध्ये निघाले.

बर्लिन, ब्रेस्लाउ आणि हाले

एबिंगहाउस १८८० पासून बर्लिन विद्यापीठात अध्यापन करत होते आणि १८८६ मध्ये तेथे दुय्यम श्रेणीचे प्राध्यापक झाले. १८९० मध्ये आर्थर क्योनिग यांच्यासह त्यांनी मानसशास्त्र आणि ज्ञानेंद्रियांच्या शरीरक्रियाशास्त्राला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. तथापि बर्लिनचे मुख्य प्राध्यापकपद त्यांना न मिळता १८९४ मध्ये कार्ल श्टुम्फ यांच्याकडे गेले. एबिंगहाउस यांचे प्रकाशित लेखन थोडे होते, हे त्याचे कारण सांगितले जाते. त्याच वर्षी ते ब्रेस्लाउला (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) गेले.

ब्रेस्लाउमध्ये सलग पाच तासांच्या शाळेने मुलांना किती थकवा येतो याची चौकशी चालू होती. तिच्यासाठी एबिंगहाउस यांनी मजकुरातील गाळलेल्या जागा भरण्याची चाचणी तयार केली. तिच्यातील गुण विद्यार्थ्यांच्या वर्गातील प्रगतीशी जुळतात असे आढळले आणि पुढे आल्फ्रेड बिने यांनी आपल्या बुद्धिमापन श्रेणीत तिचा उपयोग केला. विल्हेल्म डिल्टाय यांनी स्पष्टीकरणात्मक मानसशास्त्रावर घेतलेल्या आक्षेपांना एबिंगहाउस यांनी १८९६ मध्ये सडेतोड उत्तर दिले. मानसशास्त्रावरील त्यांचे विस्तृत पाठ्यपुस्तकही याच काळातले. सुमारे २२ वर्षांपूर्वी पाठ केलेली 'डॉन जुआन'ची कडवी त्यांनी पुन्हा पाठ करून पाहिली, तेव्हा त्यांतील एकही ओळखीचे वाटत नसतानाही थोडी पण निश्चित बचत दिसून आली.

१९०५ मध्ये ते हाले विद्यापीठात गेले. तेथेच फुप्फुसदाहाने वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र युलिउस एबिंगहाउस हे कांटच्या परंपरेतील तत्त्वज्ञ होते.

टीका आणि पुनर्पडताळणी

निरर्थक सामग्री निवडून एबिंगहाउस यांनी स्मृतीतून अर्थच वगळला, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ग्रंथात हा मुद्दा जोरकसपणे मांडला. लोकांना कथा सांगून त्या पुन्हा सांगायला लावल्यावर त्या त्यांच्या समजुतींनुसार बदलत जातात, हे त्यांनी दाखवले. अशी स्मृती बचत पद्धतीच्या आवाक्यात येत नाही. एकाच माणसावरचे निष्कर्ष सर्वांना लागू पडतात काय, ही शंकाही स्वाभाविक होती.

२०१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांनी मूळ प्रयोग शक्य तितक्या काटेकोरपणे पुन्हा केला. याही वेळी प्रयोगव्यक्ती एकच होती आणि मिळालेला वक्र मूळ वक्राशी बराच जुळला. मात्र २४ तासांच्या बिंदूवर तो अपेक्षेपेक्षा वर होता. नऊ तास आणि एक दिवस यांच्या दरम्यान विस्मरण फारच कमी होते, ही विसंगती एबिंगहाउस यांनाही स्वतःच्या आकड्यांत खटकली होती. या अवधीत झालेली झोप हे तिचे संभाव्य कारण मानले जाते.