बाळू पालवणकर

बाळू बाबाजी पालवणकर (जन्म : १९ मार्च १८७६, धारवाड, मृत्यू : ४ जुलै १९५५, मुंबई) हे विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे थोर भारतीय क्रिकेटपटू होते. ते डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. धावफलकांवर त्यांचे नाव 'पी. बाळू' असे आढळते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चांभार समाजात ते जन्मले. सवर्ण हिंदूंच्या संघातून खेळून अखिल भारतीय कीर्ती मिळवणारे ते त्या समाजांतील पहिले खेळाडू ठरले. त्यांचे धाकटे बंधू शिवराम, गणपत व विठ्ठल हेही नामांकित क्रिकेटपटू होते. उत्तरायुष्यात बाळू राजकारणात उतरले. पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचा समावेश आहे.

कुटुंब आणि बालपण

कोकणातील पालवण या मूळ गावावरून कुटुंबास पालवणकर हे आडनाव मिळाले. महार-चांभार समाजांतील अनेक कुटुंबांना इंग्रजी लष्कराच्या आश्रयाने गावकीच्या जाचातून बाहेर पडता आले, त्यांपैकी हे एक होते. वडील लष्करी नोकरीत होते व त्या निमित्ताने कुटुंब पुण्यास स्थिरावले. छावणीतील गोरे अधिकारी टाकून देत ते चेंडू व फळ्या घेऊन बाळू आणि शिवराम खेळ शिकले. शालेय शिक्षण फार झाले नाही, कारण घराला मिळकतीची गरज होती.

पुणे : रोलर ओढणारा मुलगा

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडणे, तीवर रोलर फिरवणे आणि सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकणे, एवढ्या कामाचे महिन्याला तीन रुपये मिळत. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे वेतन चार रुपये झाले. जाळे लावणे, खेळपट्टी आखणे ही कामे होतीच. पण एका इंग्रज सभासदाने त्यांना गोलंदाजीस प्रोत्साहन दिले आणि त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले. त्या काळचे भारतातील अव्वल इंग्रज फलंदाज जे. जी. ग्रेग रोज इतरांआधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करीत. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे ग्रेग यांनी कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, चेंडूची दिशा, उंची व वळण यांवरील बाळूंची हुकमत या सरावातून आली, यात शंका नाही. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळाली नाही. फळी हाती धरणे हा साहेबांचा मान आणि घाम गाळून चेंडू टाकणे हे नोकराचे काम, अशी ती विभागणी होती.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांच्या संघावर मात करायची होती. गोऱ्यांना रोज चकवणारा गोलंदाज गावातच होता, पण तो चांभार होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावरून क्लबात तट पडले. तेलुगू सभासद अनुकूल होते, तर स्थानिक ब्राह्मण सभासदांपैकी काहींचा विरोध होता. अखेर विजयाच्या इच्छेने विरोधावर मात केली.

पुढे जे घडले ते सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने धावा आणि बळींपेक्षाही बोलके आहे. बाळूंनी टाकलेला चेंडू अडवताना, झेलताना आणि परत फेकताना त्यांच्या सहकाऱ्यांना विटाळ होत नसे. चहाच्या सुट्टीत मात्र इतर खेळाडू पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, तर बाळूंना तो बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या बोळक्यात दिला जाई. तोंड धुण्यासाठी पाणी हवे असल्यास अस्पृश्य समाजातील एखादा नोकर ते कोपऱ्यात आणून हातावर ओती. जेवणाचे ताट निराळे आणि पानही निराळे. ज्या हातांनी सामना जिंकून द्यायचा, ते हात पंक्तीला मात्र चालत नव्हते.

बाळूंच्या बळावर पुण्याच्या हिंदूंनी युरोपियनांना हरवले. साताऱ्यातील गोऱ्या जिमखान्याविरुद्धचा त्यांचा पराक्रमही पुष्कळ गाजला. त्यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी, ज्याच्यासह खेळता त्याच्यासह जेवायला हरकत कसली, या आशयाचा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. लोकमान्य टिळकांनीही एका समारंभात बाळूंना हार घातल्याचे सांगितले जाते. सुधारक आणि राष्ट्रवादी हे एरवी परस्परविरोधी पक्ष एका चांभार खेळाडूच्या सत्कारापुरते तरी एका बाजूला आले.

मुंबई आणि १९०६चा विजय

पुण्यात प्लेगने थैमान घातले त्या सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बाळू बोरघाट उतरून मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना प्रवेश मिळाला, पण येथेही काहींची नाखुशी मोडून काढावी लागली. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी लागली आणि तिच्या संघाकडूनही ते खेळू लागले.

मुंबईतील क्रिकेट तेव्हा धर्मवार विभागलेले होते. युरोपियन व पारशी यांच्या सामन्यांत पुढे हिंदू आले, १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि चौरंगी स्पर्धा सुरू झाली. फेब्रुवारी १९०६मध्ये हिंदू आणि युरोपियन यांच्यात मुंबईत सामना झाला. बंगालच्या फाळणीने देश ढवळून निघाला होता व स्वदेशीची चळवळ जोरात होती. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धावांत, तर दुसरा बाळू आणि इराशा यांच्या गोलंदाजीपुढे अवघ्या १०२ धावांत आटोपला. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. शिवराम हेही या संघात होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने विजयाइतकेच महत्त्व आणखी एका गोष्टीला दिले : पुण्यात ज्यांना वेगळे बोळके मिळत होते, ते मुंबईच्या जिमखान्यात इतर खेळाडूंच्या पंक्तीला बसून जेवत होते. दहा-बारा वर्षांत झालेला हा बदल कोणत्याही परिषदेच्या ठरावाने झाला नव्हता.

इंग्लंडचा दौरा

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराजांखेरीज त्यात सहा पारशी, पाच हिंदू व तीन मुसलमान खेळाडू होते. पाच हिंदूंपैकी दोघे बाळू आणि शिवराम होते. संघाने २३पैकी १५ सामने गमावले. महाराजांचे बरेचसे लक्ष राज्याभिषेकाच्या समारंभांत व मेजवान्यांत गुंतले होते. बाळूंनी मात्र दुखऱ्या खांद्याने गोलंदाजी करीत दौऱ्यात एकूण ११४ बळी मिळवले. सॉमरसेटवरील निसटत्या विजयात शिवराम यांचे शतक मोलाचे ठरले. परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकर यांनाही त्या काळात बाळूंविषयी मोठा आदर होता.

बाळू यांनी कारकिर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामने खेळून १७९ बळी सरासरी १५.२१ धावांना मिळवले.

कर्णधारपदाचा वाद

पंक्तीला जागा मिळाली तरी कर्णधारपद मिळाले नाही. ज्येष्ठता आणि कर्तृत्व या दोन्ही कसोट्यांवर बाळू पात्र असताना ते दर वर्षी सवर्ण खेळाडूकडे जात राहिले. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी एका सत्कारात हा मान खरे तर बाळूंचा होता, असे मोकळेपणाने मान्य केले. अशी कबुली देणारे थोडेच होते.

१९२० साली असंतोष उघड झाला. पै आजारी असल्याने पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमण्यात आले आणि बाळूंना संघातून वगळले गेले. ज्येष्ठ असूनही जातीमुळे डावलले गेल्याची भावना होऊन विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून सामन्यातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. दोष देवधरांचा नव्हता. तो निवड करणाऱ्यांच्या मनोवृत्तीचा होता. पारशांविरुद्धच्या पुढील सामन्यात पै परतले, बाळू उपकर्णधार झाले व बंधूही संघात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्या काळापुरते हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. हा त्यांचा अखेरचा हंगाम होता.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले. त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवल्यावर प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. त्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. तो अमलात आणण्यासाठी कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड) महाड येथे मार्च १९२७मध्ये डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला आणि सत्याग्रहींना मारही खावा लागला. मुंबईच्या मैदानावर चांभार कर्णधाराला खांद्यावर घेणारा समाज त्याच प्रांतात तळ्याच्या पाण्यावरून लाठ्या उगारत होता. मैदानातील समतेचा परीघ किती लहान होता हे यावरून ध्यानी येते.

राजकारण

बाळू गांधीजींच्या विचारांकडे झुकले होते. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत, हे डॉ. आंबेडकरांचे मत त्यांना मान्य नव्हते, एम. सी. राजा यांच्याप्रमाणे ते संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते. २४ सप्टेंबर १९३२च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. पुढे मुंबई महापालिकेची निवडणूक त्यांनी हिंदू महासभेतर्फे लढवली, परंतु यश आले नाही.

१९३७च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत राखीव जागेवर त्यांना खुद्द डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. ज्याच्या पराक्रमाचा तरुणपणी अभिमान वाटला, त्याच्याशीच आंबेडकरांना लढावे लागले. या उमेदवारीमुळे आंबेडकरी समाजात बाळूंविषयी दुरावा निर्माण झाला. त्यांचे नाव पुढे विस्मरणात गेले, त्याचे हेही एक कारण मानता येईल.

अखेर

धर्मवार संघांची स्पर्धा १९३७मध्ये पंचरंगी झाली. १९४०च्या अखेरीस गांधीजींनी तिच्याविरुद्ध मत दिले व १९४६मध्ये ती बंद पडली. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' (१९४८) हे आत्मचरित्र लिहिले. बाळू यांनी स्वतः असे काही लिहिले नाही. त्यांच्याविषयीची बरीचशी माहिती धाकट्या भावाच्या या मराठी पुस्तकातून आणि जुन्या वृत्तपत्रांतून मिळते. इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या संशोधनामुळे एकविसाव्या शतकात त्यांचे नाव पुन्हा वाचकांसमोर आले. 'लगान' (२००१) या चित्रपटातील कचरा या फिरकी गोलंदाजाच्या पात्राचा संबंध अनेक जण बाळूंशी जोडतात.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. सांताक्रूझ येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी क्रिकेटपटू आणि राजकीय पुढारी उपस्थित होते.