विश्लेषण : विजेतेपद जिंकताच अख्खा संघ सैन्यात! कोण होते कॉन स्माइथ?

कॅनडातील ‘टोरंटो मेपल लीफ्स’ हा आइस हॉकी संघ उभा करणारे कॉन स्माइथ खमके संघमालक म्हणून ओळखले जातात. पण त्यांच्या पुढील आयुष्याचे धागे १९१४-१५ च्या ज्युनियर हंगामात सापडतात.

त्या हंगामात काय घडले?

१८९५ मध्ये टोरंटोत जन्मलेले स्माइथ विद्यापीठाच्या ज्युनियर संघाचे कर्णधार होते. १९१४ मध्ये ऑन्टारियो हॉकी असोसिएशनच्या अंतिम फेरीत संघ हरला. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये मात्र त्यांनी बर्लिन युनियन जॅक्सला नमवून विजेतेपद पटकावले. हे बर्लिन ऑन्टारियोतलेच. १९१६ मध्ये त्याचे नाव किचनर झाले.

विजयानंतर काय?

आठवडाभरातच स्माइथ आणि त्यांचे आठ सहकारी सैन्यात भरती झाले. तोफखान्यात स्माइथ यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. पुढे ते हवाई दलात गेले. ऑक्टोबर १९१७ मध्ये विमान पाडले गेल्याने युद्ध संपेपर्यंत ते जर्मनांच्या कैदेत होते.

हॉकीत पुनरागमन कसे?

१९२७ मध्ये त्यांनी भागीदारांसह टोरंटोचा संघ घेतला आणि त्याला मेपल लीफ्स नाव दिले. मेपलचे पान कॅनडाच्या सैनिकांचे चिन्ह होते. १९३१ मध्ये ऐन मंदीत त्यांनी ‘मेपल लीफ गार्डन्स’ बांधले. मजुरीचा काही भाग समभागांत घेण्यास कामगारांना राजी केले ते फ्रँक सेल्की यांनी. १९१५ च्या अंतिम फेरीत हरलेल्या संघाचे व्यवस्थापक तेच होते!

स्माइथ यांचे १९८० मध्ये निधन झाले. कॅनडातील ज्युनियर संघ आजही ज्या मेमोरियल कपसाठी झुंजतात, तो १९१९ मध्ये महायुद्धातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थच सुरू झाला.