नाना फडणीस

पुण्यातील सदाशिव पेठ पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसलेली आहे. या पेठेतील रहिवाशांना पाणी मिळावे म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस नऱ्हे गावाकडून बांधीव नळाने पाणी आणून तेथे एक हौद बांधण्यात आला. हा हौद बांधविणारे गृहस्थ तरुणपणी भाऊंबरोबर पानिपतावर गेले होते आणि केवळ दैवयोगाने तेथून जिवंत परतले होते. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. नाना फडणीस या नावाने आपण त्यांना ओळखतो.

भानूंचे मूळ गाव कोकणातील वेळास. नानांचे आजे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर दिल्लीस गेले होते. तेथे 1719 साली झालेल्या दंगलीत ते मारले गेले. स्वामिकार्यात प्राण वेचणाऱ्या त्या घराण्याचा पेशव्यांना विसर पडला नाही व फडणिशी भानूंकडे राहिली. नानांचा जन्म 12 फेब्रुवारी 1742 रोजी साताऱ्यास झाला. 1756 साली वडील वारले आणि चौदा वर्षांच्या या मुलाकडे फडणिशीचे काम आले.

फडणीस म्हणजे कोण? फड म्हणजे सरकारी कचेरी. राज्यात येणारा व राज्यातून जाणारा प्रत्येक रुपया तेथे लिहिला जाई. कोणत्या महालाचा वसूल किती आला, कोणत्या सरदाराने किती फौज ठेवावयाची, कोणास काय इनाम दिले, या साऱ्याची नोंद फडणिसांच्या नजरेखालून जात असे. रोजचा जमाखर्च रोजकीर्दीत व सालाचा हिशेब ताळेबंदात उतरे. पुण्याच्या हुजूर दप्तरात दोनशेच्या घरात कारकून असत. (तुम्ही शाळेत जे दप्तर नेता, त्याचेही नाव हेच!) जो हिशेब जाणतो, तो राज्याचे बळ आणि दुबळेपण दोन्ही जाणतो. म्हणूनच या जागेवर विश्वासू मनुष्य लागे.

1760 साली नाना आई व पत्नी यांच्यासह भाऊंच्या सैन्याबरोबर उत्तरेकडे निघाले. तीर्थयात्रा घडावी, हा हेतू होता. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्या धामधुमीत नाना व त्यांची पत्नी कशीबशी बचावली. आई मात्र कायमची अंतरली. त्या दिवसांची हकीकत नानांनी आपल्या लहानशा आत्मचरित्रात लिहून ठेविली आहे. त्यात त्यांनी स्वतःच्या मनाची दुर्बलताही लपविलेली नाही. एवढ्या मोठ्या मुत्सद्द्याने असे लिहावे, याचे नवल वाटते.

माधवराव पेशव्यांनी या अबोल तरुणाची योग्यता ओळखली. पानिपतानंतर राज्यावर कर्ज झाले होते, व हिशेबात चोख असा मनुष्य त्यांना हवाच होता. परंतु 1772 साली माधवराव क्षयाने वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथराव गादीवर बसू पाहू लागले. अशा वेळी नाना, सखारामबापू बोकील प्रभृती कारभाऱ्यांनी एकत्र येऊन त्यांना विरोध केला. हेच बारभाईंचे कारस्थान होय. 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांस पुत्र झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळास पेशवाईची वस्त्रे मिळाली. हेच सवाई माधवराव.

आता नानांचे धनीच पाळण्यात होते! आज्ञा नानांनी करावयाची, पण शिक्का त्या बालकाच्या नावाचा उठवावयाचा, असा कारभार सुरू झाला. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष घेऊन युद्ध मांडले. नाना तलवारबहाद्दर नव्हते. त्यांचे बळ बातमीत होते. दूरदूरच्या दरबारांतून त्यांच्याकडे बातमीपत्रे येत, व शत्रूच्या मनात काय आहे हे पुण्यास बसून त्यांस कळे. 1779 च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रज सैन्यास वडगावास कोंडून शरण आणले. पुढे नानांनी निजाम, हैदर व नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका फळीत आणण्याचा घाट घातला. 1782 साली सालबाईचा तह होऊन रघुनाथरावांचा प्रश्न मिटला.

या काळात नानांनी मनात आणले असते तर धनी बाजूस सारून स्वतः सर्वाधिकारी म्हणून मिरवता आले असते. तसे त्यांनी केले नाही. तथापि सत्ता मात्र त्यांनी घट्ट धरून ठेविली. प्रारंभीचे सोबती सखारामबापू यांनाही त्यांनी कैदेत घातले. बाळ पेशव्याचे शिक्षण, खेळ, भेटीगाठी यांवर त्यांचा कडक पहारा असे. पेशवा वाढला, वयात आला, तरी पहारा सैल झाला नाही. 1795 च्या मार्चमध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा मोड झाला आणि पुण्यात आनंदीआनंद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून खाली पडले व दोन दिवसांनी मरण पावले. तो तापाचा भ्रम होता की मनाची कोंडी असह्य झाली होती, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. ज्या बालकाला नानांनी जन्मापासून जपले, त्याच्या मनात काय चालले आहे हे मात्र त्या चतुर बातमीदाराला कळले नाही, असेच म्हणावे लागते.

नंतरची वर्षे कष्टाची गेली. रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव पेशवे झाले. 1797 च्या अखेरच्या दिवशी दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी नानांना कपटाने पकडले व अहमदनगरच्या किल्ल्यात ठेविले. सुमारे सात महिन्यांनी सुटका होऊन ते पुन्हा कारभारावर आले. पण आता शरीर थकले होते आणि धनी विश्वास ठेवीत नव्हता. 13 मार्च 1800 रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. पुढे तीन वर्षांच्या आतच बाजीरावांनी वसईस इंग्रजांशी तह करून त्यांचे संरक्षण पत्करले.

वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली हे नानांचे इनामगाव. तेथे त्यांनी वाडा व घाट बांधला. त्या वाड्यात नानांचे मोठे दप्तर राहिले होते. पुढे शंभर वर्षांनी ते इतिहाससंशोधकांच्या हाती लागले, तेव्हा रुमालात बांधलेल्या त्या कागदांवरील मोडी अक्षर अजून स्पष्ट वाचता येत होते.