कमलाबाई सोहोनी : एक संशोधक, दोन आडनावे

दुर्गाबाई भागवत आपल्या घराघरांत वाचल्या जातात. त्यांच्या धाकट्या भगिनी, जैवरसायनशास्त्रज्ञ कमलाबाई, मात्र अनेकांना ठाऊक नसतात. दोघींचे माहेर भागवतांचे आणि जन्म आपल्या शेजारच्या इंदूरचा. म्हणून आम्ही भोपाळकर यंदा कमलाबाईंचे स्मरण करीत आहोत.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या येऊनही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. वर्षभर कसोटीवर राहण्याची अट पत्करून त्या तेथे शिकल्या, आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी दार उघडले. केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते, हे त्यांना आढळले. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये आणि नीरा यांवर संशोधन केले. १९९८ मध्ये त्या निवर्तल्या.

संदर्भसूचीत त्यांना शोधताना मात्र जपावे. रॉबिन हिल यांच्यासह ‘नेचर’मध्ये आलेला १९३९ चा लेख ‘भागवत’ नावाने आहे; १९४७ च्या विवाहानंतर मुंबईत केलेले काम ‘सोहोनी’ नावाने. एकाच नावाखाली मोजले, तर पुष्कळ कर्तृत्व निसटते. आपल्या लेकीसुनांना आपण त्यांची दोन्ही नावे सांगूया.