हिंदी केसरीचे मराठी संपादक : माधवराव सप्रे

कचेरी हिंदीची, बाजार हिंदीचा, मग पोराने मराठी शिकून करायचे काय? हा प्रश्न सिंधीपुऱ्यातले आईबाप विचारतात, तापीकाठच्या खेड्यांतलेही विचारतात. भाषा समितीच्या बैठकीत आपण उत्तरादाखल ज्ञानोबा-तुकोबांची नावे घेतो. ते योग्यच आहे. परंतु आपल्याच जुन्या प्रांतात राहून ज्यांनी या प्रश्नाचे उत्तर कामाने दिले, त्या माधवराव सप्रे यांचे नाव मात्र आपल्या तोंडी क्वचितच येते.

हा प्रांत इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी जोडला होता. १८५३ साली वारस नाही या सबबीवर नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ साली त्याला सागर-नर्मदेचा हिंदी मुलूख जोडून मध्यप्रांत बनविला. बऱ्हाणपूर १८६० साली शिंद्यांकडून इंग्रजांकडे गेले आणि १८६४ साली निमाड जिल्हाही या प्रांतात आला. कोणाची बोली कोणती, हे विचारण्याची गरज सरकारला वाटली नाही. त्या जोडणीची गाठ आपण आजही सोडवीत आहोत.

अशा प्रांतात दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १९ जून १८७१ रोजी एका मराठी कुटुंबात माधवरावांचा जन्म झाला. शिक्षण बिलासपूर, रायपूर असे हिंदी मुलखात झाले. बी. ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी नोकरी सहज मिळे; माधवरावांनी ती वाट धरली नाही. पेंड्रा येथील राजकुमारांना इंग्रजी शिकवून पैसे साठविले आणि जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. सोबतीला वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर, म्हणजे तिघेही मराठी. मासिक तोट्यात चालले आणि १९०२ अखेर बंद पडले. हिंदीतील अगदी आरंभीच्या कथांत गणली जाणारी ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही माधवरावांची कथा मात्र त्यातूनच, १९०१ साली, वाचकांपुढे आली. विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची ती गोष्ट आहे.

पुढे ते नागपूरला आले. टिळकांचा ‘केसरी’ मराठी माणूस वाचीत होता, पण प्रांतातल्या हिंदी शेतकऱ्याला, शिक्षकाला तो कसा कळणार? म्हणून १९०७ च्या एप्रिलमध्ये ‘हिंदी केसरी’ सुरू झाला. स्वदेशी आणि बहिष्काराचा विचार त्यातून हिंदी मुलखात पोचू लागला. सरकारच्या नजरेतून हे सुटणे शक्यच नव्हते. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढच्याच महिन्यात राजद्रोहाच्या कलमाखाली माधवरावांना पकडले.

इथे त्यांच्या आयुष्यातली अवघड गोष्ट येते. वडीलबंधूंच्या दडपणाखाली त्यांनी माफीनामा लिहून दिला आणि ते सुटले. चरित्रकार यावरून घाईने पुढे जातात. माझ्या मते तसे करू नये. घरच्या माणसालाच पुढे करून लेखणी खाली ठेवायला लावणे, हाही त्या राजवटीचा एक परिणाम होता. माधवरावांनी तो सल आयुष्यभर बाळगला. ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले आणि रामदासी परंपरेच्या साधनेत काही काळ राहिले.

तिथून ते परतले ते मराठीचे धन घेऊनच. समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला. १९१५ साली टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाल्यावर त्याचाही हिंदी अनुवाद त्यांनीच केला, आणि उत्तर हिंदुस्थानातील असंख्य घरांत टिळकांचा ग्रंथ पोचला तो त्यांच्या हातून. मराठी पक्की नसती तर हे काम झाले असते काय? हिंदीची सेवा केली म्हणून आपण त्यांना परके मानले असेल, तर तोटा आपलाच आहे. हिंदी जगाने त्यांना १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिले. भोपाळला १९८४ साली उभारलेले वृत्तपत्र संग्रहालयही त्यांच्याच नावाचे आहे. आपल्या गावांतल्या एखाद्या वाचनालयात त्यांची तसबीर लागायला काय हरकत आहे?

२३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे ते वारले. जबलपूरला १९२० साली ज्या ‘कर्मवीर’ साप्ताहिकाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, ते माखनलाल चतुर्वेदींनी पुढे खंडव्याहून, म्हणजे आपल्याच निमाडातून, चालविले.