ऑलिम्पिकवीर नेव्हिल डिसूझा



या भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायचे असे गुरुजींनी सांगितले होते. कुणी सावित्रीबाई घेतल्या, कुणी साने गुरुजी, कुणी पैलवान खाशाबा जाधव. मी नेव्हिल डिसूझा हे नाव सांगितले तेव्हा वर्गातली सगळी पोरं हसली. हा कोण बुवा, असे त्यांना वाटले. दीड महिन्यापूर्वी मलाही हे नाव ठाऊक नव्हते. ते कसे कळले ते आधी सांगतो.

डिसेंबरात आपला कबड्डीचा संघ बीटच्या स्पर्धेला गेला होता. चढाईला आपल्याकडे सगळ्यात चांगला माझा जोडीदार. पण तो दिवाळी झाल्यावर त्याच्या माय-बापाबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेला. त्याच्या जागी आम्ही पाचवीतला एक पोरगा उभा केला. उपांत्य सामन्यात पहिल्या डावात आम्ही पुढे होतो. दुसऱ्या डावात हरलो. मग तिसऱ्या नंबरासाठी खेळलो, तिथेही हरलो. चौथा नंबर आला. चौथ्याला ना ढाल, ना प्रमाणपत्र. परत येताना टेंपोत कुणी कुणाशी बोललं नाही. आता कबड्डी खेळायचीच नाही, असे मी ठरवून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी परिपाठानंतर चौथ्या नंबराचीच गोष्ट सांगितली. ती आपल्या देशाची होती, आणि तिच्यात नेव्हिल डिसूझा होते. तेव्हापासून मी त्यांची माहिती गोळा केली. ती आता सांगतो.

नेव्हिल डिसूझा यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ रोजी गोव्यात बार्देश तालुक्यातील आसगाव या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपण १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालो. गोवा मात्र १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. म्हणजे नेव्हिल भारताकडून ऑलिम्पिक खेळले तेव्हा त्यांचे जन्मगाव अजून परक्यांच्या ताब्यात होते. ही गोष्ट मला फार विचार करायला लावते.

नेव्हिल यांची कारकीर्द मुंबईत घडली. फुटबॉलमध्ये जो खेळाडू सगळ्यात पुढे राहतो आणि ज्याचे मुख्य काम गोल करणे असते, ती त्यांची जागा. त्या काळी मुंबईत मोठमोठ्या कंपन्यांचे संघ असत. कंपनी खेळाडूला नोकरी देई आणि तो तिच्या संघाकडून खेळे. नेव्हिल टाटांच्या आणि कॅलटेक्स कंपनीच्या संघाकडून खेळले. राज्याराज्यांच्या संघांत संतोष ट्रॉफीची स्पर्धा होते. ती मुंबईच्या संघाने १९५४ साली पहिल्यांदा जिंकली. त्या संघात नेव्हिल होते. मुंबईतली रोव्हर्स कप ही फार जुनी आणि मानाची स्पर्धा होती. ती कॅलटेक्सने १९५८ साली जिंकली, त्याही संघात ते होते.

पण त्यांचे नाव झाले ते १९५६ च्या ऑलिम्पिकमुळे. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये आपला संघ खेळला. बरेच खेळाडू अनवाणी होते. फ्रान्सकडून आपण २ विरुद्ध १ असे हरलो. दोन पेनल्टी मिळाल्या होत्या, त्या वाया गेल्या. पुढे १९५२ साली हेलसिंकीला ऑलिम्पिक झाले. तिथेच आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. पण फुटबॉलमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १० विरुद्ध १ असे हरवले. दहा गोल! थंडीचा देश, आणि तिथेही आपले बरेच खेळाडू अनवाणीच होते. त्यानंतर मात्र सर्वांनी बूट घालूनच खेळायचे असा नियम झाला.

या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. सगळे त्यांना रहीम साहेब म्हणत. ते हैदराबादचे, आणि बरं का मित्रांनो, ते शाळामास्तर होते. म्हणजे आपल्या गुरुजींसारखेच. हेलसिंकीला दहा गोल झाले तेव्हाही तेच प्रशिक्षक होते. त्या हारीने ते खचले नाहीत. त्यांनी पोरांना पुन्हा तयार केले आणि चार वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरी घेऊन गेले. संघाचे कप्तान होते समर बॅनर्जी. पी. के. बॅनर्जी, पीटर थंगराज, किट्टू असे नामांकित खेळाडू संघात होते. आणि आघाडीला होते नेव्हिल डिसूझा, वय वर्षे २४.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारताचा सामना झाला. शिकवणारा हैदराबादचा आणि गोल मारणारा मुंबईचा. आपला बीड जिल्हा दोघांच्याही राज्यात राहून आलेला. मग या संघावर आपला थोडा हक्क आहे, असे मला वाटते.

पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. हंगेरीचा संघ आलाच नाही, म्हणून आपण सरळ उपांत्यपूर्व फेरीत गेलो. तिथे समोर ऑस्ट्रेलिया. मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांचा असतो. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मॉरोने परत बरोबरी केली. २ विरुद्ध २. अर्धा वेळ संपला.

आपल्याकडे कबड्डीत दोनदा पुढे जाऊन दोनदा बरोबरी झाली की पोरांचे पाय जड होतात. मला हे अनुभवाने माहीत आहे. पण नेव्हिल यांचे तसे झाले नाही. पन्नासाव्या मिनिटाला त्यांनी तिसरा गोल केला. ऐंशीव्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २!

क्रिकेटमध्ये लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले की त्याला हॅट्ट्रिक म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. फुटबॉलमध्ये एका खेळाडूने एकाच सामन्यात तीन गोल केले की हॅट्ट्रिक होते. ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा हे आशिया खंडातले पहिले खेळाडू ठरले. आणि ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोचणारा भारत हा आशियातला पहिला देश ठरला.

आता उपांत्य सामना ४ डिसेंबरला. समोर कोण असेल? तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवले होते. पहिल्या अर्ध्या वेळेत त्यांना एकही गोल करता आला नाही. दुसऱ्या अर्ध्यात बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला, आणि तो आपला होता. नेव्हिल डिसूझा यांनी केला. भारत १, युगोस्लाव्हिया ०. गुरुजी इथपर्यंत आले तेव्हा आमचा सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला.

पण ती आघाडी दोनच मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटाला युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, आणि पासष्टाव्या मिनिटापर्यंत त्यांचे तीन गोल झाले. पुढे आपल्याच एका खेळाडूकडून चेंडू आपल्या जाळ्यात गेला. ४ विरुद्ध १ असे आपण हरलो.

तिसऱ्या नंबरासाठी ७ डिसेंबरला बल्गेरियाशी सामना झाला. तोही आपण ३ विरुद्ध ० असा हरलो. अकरा संघ खेळले, त्यांत आपला चौथा नंबर आला. पदक तिघांनाच मिळते.

या तारखा वहीत लिहून घेताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला मुंबईत दादरच्या चौपाटीवर लाखो माणसांच्या साक्षीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच दिवशी तिकडे मेलबर्नमध्ये आपला संघ शेवटचा सामना हरत होता. ६ डिसेंबरलाच आपल्या हॉकी संघाने पाकिस्तानला १ विरुद्ध ० असे हरवून सुवर्णपदकही जिंकले होते. एवढ्या मोठ्या दुःखात आणि एवढ्या मोठ्या विजयात चौथ्या नंबराकडे कोण बघणार?

तरी एक गोष्ट कागदावर कायमची राहिली. नेव्हिल यांचे त्या स्पर्धेत चार गोल झाले. पूर्ण स्पर्धेत यापेक्षा जास्त गोल कुणाचेच नव्हते. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांचेही चार-चार होते. म्हणजे तिघे बरोबरीने पहिले. त्या दोघांच्या देशांना पदके मिळाली. नेव्हिल यांना मिळाले नाही.

पुढे काय झाले तेही सांगायला पाहिजे. १९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ खेळला, पण पहिल्या फेरीच्या पुढे गेला नाही. त्यानंतर आजपर्यंत आपला संघ ऑलिम्पिकच्या फुटबॉलला पोचलेला नाही. रहीम साहेबांनी १९६२ साली जकार्ता इथल्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले आणि १९६३ साली ते वारले. नेव्हिल यांचे जोडीदार पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः मोठे प्रशिक्षक झाले. त्यांना १९६१ साली अर्जुन पुरस्कार मिळाला होता. नेव्हिल यांना तो कधीच मिळाला नाही. १६ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४७ वर्षांचे होते.

आज मुंबईत वांद्रे इथे फुटबॉलचे एक मैदान आहे, त्याला नेव्हिल डिसूझा यांचे नाव दिले आहे. २०२४ साली रहीम साहेबांच्या जीवनावर हिंदी सिनेमाही आला. उशिरा का होईना, लोकांना आठवण झाली.

मित्रांनो, या चरित्रातून मी काय शिकलो? हरल्यावर सगळं वाया गेलं असे म्हणणे बरोबर नाही. १९५२ मध्ये दहा गोल खाणारा संघ १९५६ मध्ये त्याच देशाच्या पुढे गेला. दोन मिनिटे का होईना, पण गेला. मधल्या चार वर्षांत पायात बूट आले, सराव झाला आणि एक मास्तर नेटाने मागे लागला. त्या दोन मिनिटांमागे ही चार वर्षे आहेत. आणि दुसरे असे की ज्याला पदक मिळत नाही, त्याची आठवण कुणीतरी लिहून ठेवावी लागते. नाहीतर ती पुसून जाते.

म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, मी कबड्डी सोडणार नाही. रोज शाळा सुटल्यावर आम्ही सराव सुरू केला आहे. पाचवीतला तो पोरगाही येतो. पकडीत तो लई चांगला तयार झाला आहे. दुसरी गोष्ट, आपल्या चौथ्या नंबराचीही इथे नोंद करतो, कारण ती दुसरीकडे कुठेच नाही. आपला संघ बीटच्या स्पर्धेत चौथा आला. पहिल्या डावात आपण पुढे होतो.

शेवटी आलेल्या आई-वडिलांना हात जोडून एक विनंती. कारखान्यावर जावे लागते, पोटासाठी कुणाला चुकत नाही, हे आम्हा लेकरांनाही कळते. माझी माय-बापूही जातात, मी आजीजवळ राहतो. पण ज्यांच्या घरी सांभाळायला कुणी नाही, त्यांनी हंगामी वसतिगृहाची चौकशी जरूर करावी आणि पुढच्या दिवाळीला लेकरू शाळेतच ठेवावे. संघात एक माणूस कमी पडला की काय होते ते आम्ही बघितले आहे. वर्गातही एक जागा रिकामी राहिली की तसेच होते.

माझा जोडीदार पट्टा पडल्यावर, पाडव्याच्या आसपास परत येईल. तोपर्यंत हा कागद भिंतीवरून काढू नये, असे मी गुरुजींना सांगून ठेवले आहे. त्याला नेव्हिल डिसूझा वाचायचे आहेत.

अशा या थोर खेळाडूला माझे विनम्र अभिवादन!

एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, जि. बीड